सव्वा महिन्याचे अंदाजपत्रक

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकासाठी लेख द्यायचा म्हणजे तो बँकांवर, वस्तू व सेवा करावर किंवा फार तर शेअर बाजारावर असावा, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. 'तान्हे बाळ आणि घर' हा विषय मी सांगितला तेव्हा वर्गातील मित्र हसले. "हा विषय मुलींचा आहे," असेही एकाने सुनावले. पण गेल्या पावसाळ्यात माझी ताई पहिल्या बाळंतपणासाठी शहापुरातल्या आमच्या घरी आली, आणि पुस्तकातील अर्धेअधिक धडे मला त्या सव्वा महिन्यात खऱ्या अर्थाने समजले. श्रमविभागणी, साठ्याचे नियंत्रण, वेळेचा जमाखर्च, जुन्या मालमत्तेवरील घसारा, सारे काही त्या दोन खोल्यांत होते. म्हणून हा लेख. यात वैद्यकाचा आव नाही. घरातील इतर माणसांनी काय केले म्हणजे बाळ-बाळंतिणीचे दिवस सुकर होतात, एवढेच सांगायचे आहे.

आपल्याकडे बाळंतिणीचा काळ सव्वा महिन्याचा मानतात. डॉक्टर तो सहा आठवड्यांचा, म्हणजे ४२ दिवसांचा धरतात. शास्त्र आणि रूढी यांच्यात एवढे कमी अंतर क्वचितच आढळेल. एवढ्या काळापुरते घराचे वेगळे अंदाजपत्रक करावे लागते, आणि त्यातील सर्वांत दुर्मिळ वस्तू पैसा नसून झोप असते.

वेळेचा जमाखर्च

नवजात बाळ दिवसाच्या २४ तासांत साधारणपणे १४ ते १७ तास झोपते. हे ऐकून कोणालाही वाटेल की, मग आईला काम ते काय? पण ही झोप एका तुकड्यात नसते. दोन-तीन तासांचे तुकडे असतात, आणि रात्र व दिवस हा भेद बाळाला ठाऊक नसतो. तो भेद कळायला दोन-तीन महिने जातात. पोट लहान असल्याने ते दिवसातून ८ ते १२ वेळा दूध पिते.

आता हिशेब मांडू. मधला आकडा घेऊन १० वेळा धरू. एका वेळी दूध पाजण्यास ३० मिनिटे, खांद्यावर घेऊन ढेकर काढण्यास १०, लंगोट बदलून पुसण्यास १० आणि पुन्हा झोपवण्यास २०. एकूण ७० मिनिटे. दहा वेळांची ७०० मिनिटे होतात, म्हणजे ११ तास ४० मिनिटे. यात बाळाची आंघोळ, धुणे आणि आलेल्यागेलेल्यांची उठबस धरलेली नाही. मोठा कारखानाही आठ तासांवर पाळी बदलतो!

परंतु याच हिशेबाची फोड केली की वाट दिसते. या ७०० मिनिटांपैकी फक्त ३०० मिनिटे, म्हणजे ५ तास, अशी आहेत की जिथे आईवाचून चालत नाही. उरलेली ४०० मिनिटे, म्हणजे ६ तास ४० मिनिटे, घरातील कोणाही धडधाकट माणसाला देता येतात. ढेकर काढायला पदवी लागत नाही. लंगोट बदलणे तीन दिवसांत जमते. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मधील आपल्या ग्रंथात टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण देऊन श्रमविभागणी समजावली. आमच्या घरी तेच तत्त्व पाळण्याभोवती लागू झाले. जे आईच करू शकते ते आईने करावे, जे इतरांना जमते ते इतरांनी करावे, आणि हे आधी ठरलेले असावे.

'आधी ठरलेले' हे शब्द महत्त्वाचे आहेत. "काही लागलं तर सांग," असे बाळंतिणीला म्हणणे ही मदत नव्हे. सांगण्याचे आणि आठवण ठेवण्याचे काम त्यामुळे तिच्याच माथी येते.

रात्रपाळी

रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात बाळ निदान तीनदा उठते. सर्व कामे आईनेच केली तर ३ गुणिले ७०, म्हणजे साडेतीन तास तिचे जागरणात जातात. तिने फक्त दूध पाजले आणि बाकीचे दुसऱ्याने केले तर दीड तास जातो. एका रात्रीत दोन तास झोप शिल्लक पडते.

आमच्याकडे दहा ते दोन ही पाळी माझी होती. मी तसाही अभ्यासासाठी जागाच असे. दोन ते सहा आईची. बाबांना फाउंड्रीत पहिली पाळी असल्याने रात्री त्यांना सूट होती, पण पहाटेचा चहा, पाणी तापवणे आणि भाजी चिरणे त्यांच्याकडे आले. दाजी शनिवारी संध्याकाळी कोल्हापूरहून येत आणि त्या रात्रीच्या दोन्ही पाळ्या तेच करीत. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना अपत्यजन्माच्या वेळी १५ दिवसांची रजा मिळते, दाजींच्या खाजगी कंपनीत तशी सोय नाही. आईसाठीची रजा मात्र कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवडे झाली, आणि ताईला ती मिळाली.

बाळाला रात्र-दिवस शिकवण्याची एक साधी युक्ती आहे. दिवसा खिडक्या उघड्या ठेवाव्यात, भांड्यांचा आवाज, बोलणे-चालणे नेहमीप्रमाणे होऊ द्यावे. रात्री दिवा मंद, बोलणे कमी, खेळवणे अजिबात नाही. बाळाला झोपवताना पाठीवर झोपवावे, पोटावर किंवा कुशीवर नको. अंथरूण सपाट व घट्ट असावे, आणि तोंडाजवळ मऊ उशी, लोड, जाड दुपटे काही ठेवू नये. नकळत श्वास कोंडण्याचा धोका त्याने टळतो.

लंगोटांचा साठा

परिव्यय लेखांकनात साठ्याची पुनर्मागणी पातळी शिकवतात. रोजचा वापर गुणिले माल मिळण्यास लागणारे दिवस, अधिक राखीव साठा. परीक्षेत हे सूत्र मी अनेकदा लिहिले. त्याचा उपयोग मला जुलै महिन्यात कळला, कारण बेळगावचा जुलै कसा असतो हे येथील वाचकांना सांगणे नको.

बाळाला रोज बारा तरी लंगोट लागतात. उन्हाळ्यात सकाळी धुतलेला लंगोट दुपारी मिळतो. आमच्या पावसात त्याला दोन दिवस लागत. तेव्हा १२ गुणिले २, म्हणजे २४, आणि ओढाताण होऊ नये म्हणून ६ राखीव. एकूण ३० हवेत. बाळंतविड्यात आलेले आणि आईने शिवलेले मिळून १८ होते. उरलेल्या बारांसाठी आजीने आपले एक जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडे काढून दिले. त्यातून बारा लंगोट निघाले आणि वर दोन दुपटी झाली. रात्रीपुरता दुकानातला एखादा डायपर वापरला तर पाळी करणाऱ्यावर उपकार होतात, मात्र तो ओला होताच बदलावा.

या लंगोटांचा आणखी एक उपयोग आहे. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा शू करीत असेल, तर त्याला दूध पुरते आहे असे समजावे. दूध किती प्यायले हे डोळ्यांना दिसत नाही, ओले लंगोट मात्र मोजता येतात. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघते. हे माहीत नसल्याने पुष्कळ घरांत "दूध पुरत नाही" अशी हाकाटी होते आणि वरचे दूध सुरू होते. आमच्या घरी ती हाकाटी लंगोटांच्या मोजदादीने थांबली.

आजीची खतावणी

घरात तान्हे मूल आले की खरा तंटा उभा राहतो तो आजी आणि डॉक्टर यांच्यामध्ये, आणि मधल्या मध्ये बाळंतीण भरडली जाते. आम्ही आजीच्या सांगण्याची दोन खाती केली.

पहिले खाते जपून ठेवण्याचे. बाळंतिणीला वेगळी खोली, कामातून सुटका, डिंक-मेथी-अळिवाचे लाडू, बाळाला हलक्या हाताने तेल, थंडी-वाऱ्यापासून जपणे. हे सारे उत्तम आहे. दूध पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्तीच्या लागतात. एका हाताने खाता येतो तो लाडू ही त्या दृष्टीने मोठीच सोय, कारण दुसरा हात बाळाखाली अडकलेला असतो. उशाशी पाण्याचा तांब्या मात्र सतत भरलेला हवा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या प्रसूतीनंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, हे लाडवांच्या भरात विसरू नये.

दुसरे खाते बुडीत म्हणून काढून टाकण्याचे. मध चाटवणे, घुटी, पाणी, डोळ्यांत काजळ, कानानाकात तेल, नाळेवर हळद किंवा पूड, आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही नको. मधातून वर्षाच्या आतील बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. काजळात शिसे असू शकते. नाळ कोरडी ठेवली की आपोआप गळून पडते. बंद खोलीतील कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून तो अधिक घातक.

शेगडीवरून आमच्या घरी दोन दिवस अबोला झाला. आजीचे म्हणणे, "पाच जणांना शेकूनच वाढवलं की मी." शेवटी शेजारच्या कानडी अज्जींनी मध्यस्थी केली. बाळाला न्हाऊ घालायला त्याच येत असत. बाळंतिणीला त्या 'बाणंती' म्हणत आणि बाळाला 'कूसु'. त्यांच्या सुनेच्या वेळी दवाखान्यात शेगडीबद्दल जे सांगितले होते ते त्यांनी अर्ध्या कन्नडमध्ये, अर्ध्या मराठीत आजीला सांगितले. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पाच वाढवली खरं. झाली होती सात. दोन कशानं गेली ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही." त्या दिवसापासून रबरी पिशवीतल्या गरम पाण्याने ताईच्या पाठीला शेक मिळू लागला, आणि खोलीची एक खिडकी उघडी राहिली.

आजीला काय करू नको हे सांगताना तिच्या हाती दुसरे काही द्यावे लागते, हे मी येथे नमूद करतो. घुटीची सहाण उचलून ठेवली तर तेल लावण्याचा आणि अंगाई म्हणण्याचा मान तिचाच असला पाहिजे.

भिंतीवरील तक्ता

दवाखान्यातून मिळालेले तायी कार्ड कन्नडमध्ये होते. आमच्या आजीला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. आईचेही तसेच. अशा घरांची आपल्या भागात वाण नाही. म्हणून कार्डावरील सूचना मी ठळक मराठीत एका कागदावर उतरल्या आणि पाळण्यासमोर चिकटवल्या. पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात जायचे:

बाळ दूध ओढत नाही किंवा एकदम कमी ओढते.
अंग तापले आहे किंवा हातपायांसह पोटही गार लागते.
शांत असताना श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, किंवा श्वासाबरोबर छाती आत ओढली जाते.
झटके येतात, किंवा बाळ फार सुस्त आहे, उठवूनही उठत नाही.
नाळेतून पू येतो.
तळहात-तळपाय पिवळे दिसतात, किंवा जन्मानंतर पहिल्या २४ तासांतच कावीळ दिसते.

बाळ सहा दिवसांचे असताना संध्याकाळी तेल लावता लावता आजीनेच तळपाय उजेडात धरून पाहिले आणि मला हाक मारली. "ते कागदावरचं शेवटचं वाच बघू." सौम्य कावीळ बहुतेक बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते आणि आपोआप ओसरते, त्यामुळे "कोवळं ऊन दाखवा" असे सांगणारे पुष्कळ होते. पण पिवळेपणा तळव्यांपर्यंत उतरला की उन्हावर विसंबून चालत नाही. रक्तातील तो रंग फार वाढला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आम्ही त्याच रात्री गेलो. निळ्या प्रकाशाखाली दोन दिवस ठेवून बाळ घरी आले. यादी वाचून दाखवणारा मी होतो, पण पाहणारे डोळे आजीचे होते.

या संदर्भात एक माहिती अभिमानाने द्यावीशी वाटते. घरी येऊन नवजात बाळाची तपासणी करण्याची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी उभी केली. खेड्यातील स्त्रियांना शिकवून त्यांनी ३९ गावांत काम केले. तेथे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. देशभर आशा कार्यकर्तींच्या ज्या गृहभेटी २०११ पासून होतात, त्यांमागे हा अनुभव आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ या दिवशी असतात. त्या दिवशी कोणीतरी घरी असावे आणि मनातील शंका आधी लिहून ठेवाव्यात.

पाहुणे, कागदपत्रे आणि मन

बाळ बघायला येणाऱ्यांचे प्रेम खरे असते, पण प्रत्येक भेटीची किंमत बाळंतिणीच्या झोपेतून वसूल होते. आम्ही बँकेसारखी वेळ ठरवली: संध्याकाळी पाच ते सहा. दारात साबण-पाणी ठेवले. सर्दी-खोकला असलेल्यांनी बारशालाच यावे असे आईने गोड शब्दांत कळवले. कोणी रागावले नाही.

कागदपत्रे हे घरातील विद्यार्थ्याचे हक्काचे काम. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढील अनेक कामांसाठी हाच दाखला लागतो. आपल्याकडे एकच नाव देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्यांतून फिरते. म्हणून दाखला हाती येताच अक्षर न् अक्षर तपासावे. जन्मतःच बी.सी.जी., पोलिओचा डोस आणि हिपॅटायटिस-बी, मग ६, १०, १४ आठवड्यांच्या लसी. या तारखा दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहाव्यात.

शेवटी मनाची गोष्ट. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत पुष्कळ स्त्रियांना विनाकारण रडू येते. दहा-पंधरा दिवसांत ते ओसरते. ओसरले नाही, झोप मिळूनही झोप लागत नसेल, बाळाकडे पाहवत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर ते 'नाटक' नव्हे. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे न्यावे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे. तसेच, बाळाचे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असते. कोणाचाही संयम सुटू शकतो. अशा वेळी बाळाला कधीही गदागदा हलवू नये. त्याला पाळण्यात सुरक्षित ठेवून दोन मिनिटे अंगणात जावे, किंवा दुसऱ्याच्या हाती द्यावे.

राष्ट्रीय उत्पन्नात न येणारे काम

पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये दाखवले होते की, एखाद्याने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशीच लग्न केले तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते, कारण पगार थांबतो. वर्गात आपण या उदाहरणावर हसतो आणि पुढच्या पानावर जातो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरातील बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे निघाला. शिवाय असे काम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच मुळात फार कमी होते. ताईच्या ४०० मिनिटांची वाटणी आम्ही केली नसती, तर ती मिनिटे कोठल्याही वहीत न दिसता तिच्या झोपेतून वजा झाली असती.

म्हणून माझी वर्गमित्रांना विनंती आहे की, आपल्या घरी किंवा शेजारी पाळणा हलणार असेल तेव्हा बारशाच्या पेढ्यांपलीकडे स्वतःसाठी एक काम आधीच मागून घ्यावे. रात्रीची एक पाळी, लंगोटांची दोरी किंवा दाखल्यासाठीची खेप, काहीही चालेल. वरील तक्ता कापून भिंतीला लावता येईल. माझ्या एका वर्गमैत्रिणीने तोच तक्ता या अंकाच्या कन्नड विभागात दिला आहे. ज्या घरात दोन्ही भाषा बोलल्या जातात त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी लावावेत.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष